ओटीपी दिला नाही म्हणजे सुटलो, असं नसतं

फौजी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: बदलीच्या धावपळीत कागदपत्रांची, त्यांवरून कोणी आपल्या नावाने पैसे किंवा कर्ज उचलेल याची, फार काळजी करू नका. ओटीपी सांगितला नाही तर कोणी काही करू शकत नाही. आधारच्या झेरॉक्सवर ‘फक्त घरभाड्यासाठी’ लिहा. फौजीचं आयकार्ड दिलं की एजंट वचकून राहतो. सिबिलला (कर्जांची नोंद ठेवणाऱ्या ब्युरोला) ‘अ‍ॅक्टिव्ह ड्यूटी अलर्ट’ लावून ठेवा. तरी काही झालंच तर बँक भरून देते, आणि तक्रार यजमानांनीच, पोस्टिंगच्या गावी करायची.

नवी मुंबईतल्या कळंबोली, कामोठे, खारघर या पट्ट्यात यजमान सीमेवर आणि मुलांच्या शाळेसाठी बायको भाड्याच्या घरात, अशी बरीच बिऱ्हाडं आहेत. एकटीने सगळं निभावणाऱ्या बाईला हा मेसेज धीर देतो, म्हणून तो पुढे जातो. मला तो धोक्याचा वाटतो.

सगळ्यात आधी ओटीपी. आधारशी जोडलेल्या खात्यातून बँकमित्राच्या, म्हणजे बँकेने नेमलेल्या माणसाच्या, मशीनवर बोटाच्या ठशाने पैसे निघतात, तिथे ओटीपी येतच नाही. २०२३ मध्ये बंगळुरूत नोंदणी केलेल्या दस्तांवरचे ठसे आणि आधार क्रमांक वापरून लोकांच्या खात्यांतून असेच पैसे काढले गेले. आता आपल्याकडे बघा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घराचा भाडेकरार, नोंदवावाच लागतो. एजंट लॅपटॉप आणि ठशाचं मशीन घेऊन घरी येतो. खोकी अजून फोडलेली नसतात, गॅसची शेगडी जोडायची असते, पोरं भुकेली. ‘ठसा नीट आला नाही मॅडम, परत ठेवा’ म्हटलं की आपण परत ठेवतो. बहुतेक एजंट सरळच असतात, पण स्क्रीनवर कशासाठी ठसा मागितलाय हे वाचल्याशिवाय बोट ठेवू नका. आधारचं बायोमेट्रिक लॉक आधारच्या अ‍ॅपमधून किंवा यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट बसवता येतं. करारापुरतं ते तात्पुरतं उघडायचं, दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा बसतं.

ओटीपीची दुसरी गोची सिमकार्डात आहे, आणि ती खास फौजींची आहे. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून तिथे गेल्यावर जवान नवा नंबर घेतो आणि जुन्याचा रिचार्ज राहून जातो. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. बँकेत आणि पॅनला तोच नंबर असेल तर तुम्ही कोणालाही न सांगितलेला ओटीपी परक्या माणसाच्या खिशात वाजतो. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार, पॅन, लष्करी पेन्शनचं ‘स्पर्श’ पोर्टल या सगळीकडे बदला, मग सोडा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, तेही बघून घ्या.

झेरॉक्सवर हेतू लिहायला माझी हरकत नाही. कोपऱ्यात न लिहिता फोटो आणि मजकुरावरून आडवं लिहा, तारीख टाका. पण शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार फुकट मिळत असताना, सोसायटीच्या ऑफिसात आणि पॅकर्सवाल्याला पूर्ण क्रमांक द्यायचाच कशाला?

आयकार्डाचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. ‘मी आर्मीत आहे, बदली झाली, स्कूटर स्वस्तात विकायची आहे’ अशा जाहिराती आणि त्यासोबत गणवेशातला फोटो, आयकार्ड, कॅन्टीन कार्ड पाठवणारे भामटे गेली कित्येक वर्षं लोकांना लुबाडत आहेत. उलट बाजूने ते घरमालकालाही फोन करतात: फ्लॅट पसंत आहे, डिपॉझिट पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा. स्कॅन करून पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात. या धंद्यात खऱ्या जवानांची कार्डंही वापरली जातात. कुठे तरी कोणाला तरी विश्वासाने पाठवलेला फोटोच असतो तो. लोकांच्या मनात गणवेशाबद्दल जो आदर आहे तोच चोराला हवा असतो, आणि बदनामी होते त्या जवानाची, ज्याला याचा पत्ताही नसतो. भाडेकराराला आयकार्ड लागत नाही, आधार आणि पॅन पुरतं. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करायलाही ओळखीचा दुसरा पुरावा चालतो. मूव्हमेंट ऑर्डरचा (बदलीच्या हुकमाचा) फोटो तर पॅकर्सवाल्याला अजिबात पाठवू नका, त्यात युनिट आणि तारखा असतात.

‘अ‍ॅक्टिव्ह ड्यूटी अलर्ट’ अमेरिकेतला आहे: नवं कर्ज देण्याआधी ओळख नीट तपासा, अशी ब्युरोकडे लावलेली खूण. तिथल्या कायद्याने तैनातीवरच्या सैनिकाला तो वर्षभरासाठी लावता येतो. आपल्याकडे सैनिकांसाठी तशी सोय नाही. आपल्याकडे आहे ते असं: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही ब्युरोंकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०२४ पासून कोणी तुमचा अहवाल उघडला की एसएमएस किंवा ईमेल यायला हवा. अर्थात ब्युरोकडे चालू नंबर असेल तरच. न घेतलेलं कर्ज दिसलं तर ब्युरोकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोज १०० रुपये भरपाई मिळते.

बँक भरून देते हे अर्धं खरं. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घातलेल्या नियमानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि बँकेचा निरोप आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर नाही. उशीर झाला की जबाबदारी वाढते. आणि तुमच्या पॅनवर दुसऱ्याने उचललेल्या कर्जाशी याचा काही संबंध नाही.

राहिली तक्रार. यजमानांची सुट्टी मंजूर होईपर्यंत थांबायची गरज नाही. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मग जवळच्या पोलीस ठाण्यात जा. गुन्हा कुठेही घडलेला असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे माहिती नोंदवून घेणं त्यांना बंधनकारक आहे. दुसऱ्याची ओळख वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी मध्ये बसतं, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या, कर्ज देणारी कंपनी आणि ब्युरो दोघेही तीच आधी विचारतात.