माफी मागून झाली, आता काय राहिलं?

आज २६ मे, ऑस्ट्रेलियातला ‘सॉरी डे’, सरकारने आईबापांपासून तोडून नेलेल्या आदिवासी मुलांच्या आठवणीचा दिवस. सकाळी इथल्या एका मराठी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "पंतप्रधानांनी २००८ मध्ये माफी मागितली ना? अजून किती वर्षं तेच उगाळायचं? मुलांच्या शिक्षणासाठीच तर नेलं होतं." खाली अंगठ्यांची रांग. दुपारपर्यंत गप्प राहिले, आता राहवत नाही.

ब्रूस ट्रेवोरो. नगारिंजेरी या आदिवासी समाजातलं १३ महिन्यांचं बाळ, साउथ ऑस्ट्रेलियातल्या मेनिंगीजवळच्या वस्तीतलं. १९५७ च्या नाताळच्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागलं. वडिलांकडे गाडी नव्हती, म्हणून शेजाऱ्यांनी त्याला ॲडलेडला मुलांच्या हॉस्पिटलात पोचवलं. तिथे कागदावर चढलं की याला आईबाप नाहीत, आबाळ झालेली आहे. दोन आठवड्यांत बाळ एका गोऱ्या कुटुंबाकडे गेलं. आईवडिलांची संमती नाही, कोर्टाचा हुकूम नाही.

जुलै १९५८ मध्ये आईने सरकारी खात्याला पत्र लिहून विचारलं, बाळ कसं आहे, घरी कधी येईल? उत्तर आलं की सुधारणा चांगली आहे, पण घरी पाठवण्याइतका तो बरा झालेला नाही असं डॉक्टरांचं मत आहे. बाळाला हॉस्पिटलातून बाहेर पडून तेव्हा सहा महिने उलटले होते!

हे उत्तर लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता? सांगा ना मला. खात्याला सरकारी वकिलांनी आधीच बजावलं होतं की आईवडिलांच्या संमतीशिवाय मूल उचलायचा तुम्हाला अधिकार नाही. तरी उचललं.

इतर काही राज्यांत तर कायदाच हाताशी होता. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९०५ च्या कायद्याने प्रत्येक ॲबोरिजिनल, म्हणजे आदिवासी, मुलाचा पालक एक सरकारी अधिकारी, आई जिवंत असली तरीही. न्यू साउथ वेल्समध्ये १९१५ च्या दुरुस्तीनंतर आबाळ झाल्याचं कोर्टात सिद्ध करायचीही गरज उरली नाही. आणि ते शिक्षण? तिथल्याच किंचेलाच्या वसतिगृहात मुलांना नावाऐवजी नंबर. कूटामंड्राच्या वसतिगृहात मुलींना धुणी, भांडी, इस्त्री शिकवायची आणि गोऱ्यांच्या घरी कामाला पाठवायचं. पगार सरकारी बोर्डाकडे जमा, कित्येकींना तो कधी मिळालाच नाही. भावंडांची ताटातूट, नावं बदललेली, घरची पत्रं दाबून ठेवलेली, स्वतःची भाषा बोललं की मार. या मुलांबद्दलच्या १९९७ च्या चौकशी अहवालाचा अंदाज आहे की १९१० ते १९७० या काळात दर तीन ते दहा आदिवासी मुलांमागे एक मूल असं नेलं गेलं.

हो, काही मुलं खरंच आजारी होती, सांभाळायला घेणाऱ्या काही कुटुंबांनी जीव लावला. मान्य. ब्रूसलाही कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. पण तिसऱ्या वर्षी तो स्वतःचे केस उपटत होता. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याला आईकडे परत पाठवलं, कसलीही तयारी न करता. तोवर दोघं एकमेकांना परके. ते टिकलं नाही, मग संस्था, दारू, नैराश्य. जी भावंडं घरीच वाढली, त्यांची आयुष्यं पुढे ब्रूसच्या खटल्यात न्यायाधीशांनी शेजारी ठेवून पाहिली. फरक तिथेच दिसला.

‘पिढ्यान् पिढ्यांचा आघात’ म्हणतात तो हाच. ज्याला कुणी कुशीत घेतलं नाही, त्याने बाप कसं व्हायचं हे शिकायचं कुठे? ज्या आजीचं मूल हॉस्पिटलातून गेलं, ती नातवाला ताप आला तरी हॉस्पिटलात न्यायला कचरते, आणि मग उशीर झाला की पुन्हा ‘आबाळ’ अशी नोंद. जमिनीवर हक्क सांगायचा तर परंपरेशी अखंड नातं दाखवा म्हणतात. ते नातं तोडलं कुणी? आदिवासींच्या कोठडीतल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या १९९१ च्या रॉयल कमिशनने ९९ मृत्यू तपासले, त्यांतल्या ४३ जणांना लहानपणी घरापासून तोडलेलं होतं. आजही देशातल्या मुलांमध्ये आदिवासी मुलं सहा टक्क्यांच्या आसपास, पण सरकारी ताब्यातल्या मुलांमध्ये चाळीस टक्क्यांच्या वर. आता मूल ताब्यात घ्यायला कोर्टात जावं लागतं, आणि खरोखर धोक्यात असलेल्या मुलाला वाचवायलाच हवं, हेही खरं. तरी हे आकडे गळी उतरत नाहीत.

आपल्याला तर हे सांगायलाच लागू नये. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली केलेल्या दुरुस्तीने चार वर्षांपासूनच्या मुलांना आईबापापासून तोडून सुधारगृहात ठेवायची सोय केली होती. या जमातींना कोंडलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटच्या कुंपणाच्या तारा कुणी ऑस्ट्रेलियातून आणल्या नव्हत्या.

शब्द जरा चढे होतायत, पण ज्यांना खरंच ठाऊक नाही त्यांच्यावर राग नाही. त्यांनी ‘लिंक-अप’ची माहिती काढावी. १९८० पासून ही मंडळी जुन्या फायली उकरून माणसांना घरच्यांपर्यंत पोचवतायत. नाव बदललेलं, जन्मतारीख अंदाजाने टाकलेली, आईच्या रकान्यात काहीच नाही. अशा फायलीवरून सख्खी बहीण शोधायची असते.

आणि माफीचंच बोलायचं तर साउथ ऑस्ट्रेलियाच्या संसदेने मे १९९७ मध्येच ती मागितली होती. पुढच्याच वर्षी ब्रूस कोर्टात गेला, आणि माफी मागणारं तेच राज्य त्याच्याविरुद्ध लढत राहिलं. ऑगस्ट २००७ मध्ये तो जिंकला, ५,२५,००० डॉलर भरपाई. जून २००८ मध्ये वारला, ५१ व्या वर्षी. राज्याचं अपील फेटाळलं गेलं २०१० मध्ये. व्हिक्टोरियात भरपाईची योजना आली २०२२ मध्ये, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने ती जाहीर करायला २०२५ उजाडवलं. तोवर कित्येक जण अर्ज न करताच गेले. काय राहिलं विचारता? एवढं सगळं राहिलंय.