तीन दिवस गैरहजर

शहराच्या इतिहास संग्रहालयात दिवाळीनिमित्त किल्ल्यांचं प्रदर्शन लागलंय. २० रुपये तिकीट, मोबाइलवर फोटो काढायचे ५० वेगळे, आणि प्यायच्या पाण्याची बाटली दाराशी जमा, कारण आत पाण्याला मनाई. एवढे सोपस्कार उरकून राजगडापुढे उकिडवा बसलो. उतारावरचे अळीव पार करपले होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आलात? तीन दिवस कुठं होतात?"

खाकी कपड्यातले पहारेकरी मामा. हातात निळी फवाऱ्याची बाटली, ती त्यांनी माझ्या हातात कोंबली.

"अहो, मी बघायला आलोय."

"मग बघा ना, काय झालंय ते! सायेब रोज मला बोलतात. माझं काम दाराशी बसायचं. पाणी मारायचं काम तुमचं."

मी तिकीट दाखवलं. मामांनी ते वाचलं, उलटं करून पुन्हा वाचलं. "तिकीट कशाला काढलंत? कंत्राटदाराच्या माणसांना फुकट असतं."

"मग २० रुपये परत द्या."

"फाडलेलं तिकीट परत होत नाही."

"आणि फोटोचे ५०?"

"कामाच्या माणसाला फोटो काढायची परवानगीच नाही."

याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तो पाणी मारणारा गृहस्थ कोण, देव जाणे. पण सगळं खापर त्याच्या माथी फोडणं बरोबर नाही. दगड-विटांचा ढिगारा रचून त्यावर चिखलाच्या पाण्यात बुडवलेलं गोणपाट टाकायचं आणि वर चाळलेल्या मातीचा थर द्यायचा, ही किल्ल्याची पद्धत. गोणपाट पाणी धरून ठेवतं, माती घसरू देत नाही. नुसती चिकणमाती थापली तर वाळताना भेगा पडतात, म्हणून चार घमेल्यांत एक घमेलं वाळू. इथे मात्र आत प्लास्टर, त्यावर तपकिरी ऑइलपेंट आणि त्यावर पिठीसाखर भुरभुरावी तशी माती. असल्या किल्ल्यावर पाणी मारलं की ते थेट पायथ्याशी. तिथे चार मावळे आणि एक प्लास्टिकचा वाघ घोटाभर चिखलात उभे होते.

अळीवच का पेरतात, तर भिजला की त्याला बुळबुळीत चीक सुटतो आणि उभ्या कड्यालाही दाणा चिकटून राहतो. मेथी-मोहरी घरंगळून खाली येते. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, पाच-सहा दिवसांत हिरवळ धरते. म्हणजे वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात पेरायला हवेत. मग दिवसातून दोनदा फवारा. तांब्याने ओतलंत तर तटबंदी मावळ्यांसकट खाली. आणि डोक्यावर हॅलोजन तर अजिबात नको. इथे दोन होते. जे चार कोंब जगले होते ते खिडकीतल्या उजेडाकडे मान वाकडी करून उभे होते, पळून जायच्या बेतात असल्यासारखे.

"मामा, एकदा वाळलेला कोंब पुन्हा उभा राहत नाही. नव्याने पेरावं लागेल."

"ते मला माहीत नाही. मारा."

मारलं. मारता मारता माच्या मोजल्या. पद्मावती होती, संजीवनी होती, मधे बालेकिल्ला. सुवेळा माची नव्हती. तिच्या जागी अग्निशमनाचं लाल नळकांडं. कातळातलं ते आरपार नेढं, ज्यासाठी लोक धापा टाकत त्या टोकापर्यंत जातात, ते सगळं नळकांड्याला जागा हवी म्हणून कापलेलं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून १२ किल्ले घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यांत आहे. त्याचा मोठा फलक दाराशीच लावलाय. किल्ला अपुरा, फलक पुरा.

आमच्या गल्लीतली पोरं वाड्याच्या मोडक्या विटांवर तीन माच्यांचा राजगड करतात, नेढ्यासकट, आणि तो बघायला तिकीट नसतं. इथे संग्रहालय आहे, अंदाजपत्रक आहे, सायेब आहेत. एकाने तरी गड चढून बघायचा होता! आणि दाराशी दुसराही फलक आहे: लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, संग्रहालय बंद. दिवाळीचं प्रदर्शन, तेच दिवाळीत बंद. नोकरी करणाऱ्या माणसाने पोरांना आणायचं कधी?

एक लहान मुलगी आईला विचारत होती, "हे काका रोज पाणी घालतात?"

"रोज कुठलं," मामा परस्पर म्हणाले, "तीन दिवस दांडी."

जाताना त्यांनी वही पुढे केली. नाव, सही, शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात 'तीन दिवस गैरहजर'. सही केल्याशिवाय माझी पाण्याची बाटली देईनात. केली.

"उद्या दहाला या."

"उद्या लक्ष्मीपूजन. बंद आहे ना?"

"लोकांना बंद," मामा म्हणाले. "तुम्हाला नाही."