कुर्ता वर सरकला तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. लेखात मी एवढंच म्हटलं होतं की टेक्सासमध्ये पिस्तूल उघड बाळगायला कायद्याने मुभा मिळाली, त्याचा खरा फायदा ते झाकून बाळगणाऱ्या माझ्यासारख्यांना झाला. त्यावर तुमचं पहिलंच वाक्य : "कोकणातून गेलेल्या बाईला आता कमरेला पिस्तूल लावून मिरवायची हौस आलेली दिसते."

मुद्द्याकडे येतेच, पण आधी या वाक्याबद्दल बोलू द्या. परवाना घेतल्यापासून आजवर मी एकदाही पिस्तूल उघड लावून घराबाहेर पडलेले नाही. हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तिथपर्यंत वाचायचेही कष्ट न घेता माणूस दुसऱ्याची हौस काढतो, याला काय म्हणायचं?

आणि कोकणाचं म्हणाल, तर बंदूक मी टेक्सासात आल्यावर पहिल्यांदा पाहिली असं नाही. कणकवलीजवळ आमच्या घरी माजघरातल्या खुंटीला बाबांची ठासणीची बंदूक असायची, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. रानडुकरं भातात शिरायची तिथे बंदूक घरात असणं म्हणजे कोयता असण्यासारखंच. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. बाबा ती खांद्याला लावून भर बाजारातून चालत जायचे आणि पावती खिशात घालून परत यायचे. त्यांना कुणी "मिरवतोस काय" असं विचारलेलं मला आठवत नाही. उलट तीच बंदूक त्यांनी चादरीत गुंडाळून नेली असती, तर बाजारात कुजबुज झाली असती. अमेरिकेतही जुनी समजूत हीच होती. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1846 साली नन नावाच्या माणसाच्या खटल्यात लपवून शस्त्र बाळगण्यावरची बंदी मान्य केली आणि उघड बाळगण्यावरची बंदी रद्द केली. म्हणजे 'मिरवणं' हा शब्द तुम्ही ज्या अर्थाने फेकलात, तो इथल्या इतिहासालाही लागू होत नाही.

एक चूक मात्र तुम्ही बरोबर पकडली आहे. टेक्सासचा उघड बाळगण्याचा कायदा 2015 चा, असं मी लिहिलं होतं. राज्यपाल ॲबट यांची सही 2015 मध्ये झाली, पण कायदा लागू झाला 1 जानेवारी 2016 पासून. मान्य.

आता तुमचं ते दुसरं वाक्य, झाकून बाळगायचं पिस्तूल दिसलं तर गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कायद्याबद्दलचं : "कायद्यात 'जाणूनबुजून' हा शब्द होताच, मग चुकून दिसलं म्हणून कोण कुणाला पकडतं?"

मला पकडलं होतं.

2012 चा जुलै, डॅलसच्या बाहेरचं एक किराणा दुकान. वरच्या फळीवरून तांदळाची वीस पौंडांची पिशवी ओढताना कुर्त्याची कड पिशवीच्या शिवणीत अडकली आणि पिशवीबरोबर कुर्ताही वर गेला. मला कळलंही नाही. मागे लहान मुलाला घेऊन एक बाई उभी होती. तिला माझ्या कमरेचं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान, दिसलं, ती घाबरली, तिने फोन केला. तिला मी दोष देत नाही, तिच्या जागी मीही तेच केलं असतं. मी पैसे देऊन बाहेर आले तोवर पोलिसांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. हात बॉनेटवर ठेवायला सांगितले. पत्रा असा तापलेला की तळहात उचलल्याशिवाय राहवेना, आणि उचलला की आवाज, "हात खाली!" चाळीस मिनिटं एकच प्रश्न फिरवून फिरवून : तुम्ही ते मुद्दाम दाखवलंत का? माझा नऊ वर्षांचा मुलगा ट्रॉलीचा दांडा धरून हे सगळं बघत होता.

सोडलं त्यांनी मला. पण जाणूनबुजून की चुकून, हे ठरवणार कोण? आधी पोलीस, मग सरकारी वकील, मग ज्यूरी. तोवर झोप माझी जाणार, वकिलाची फी माझी जाणार. त्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद आणि 4,000 डॉलरपर्यंत दंड होता. शिवाय माझ्याकडे तेव्हा नागरिकत्व नव्हतं, ग्रीन कार्ड होतं. शस्त्राचा कायदा मोडल्याचा गुन्हा शाबीत झाला तर ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. एका अडकलेल्या कुर्त्यापायी! पुण्यात पंख्याखाली बसून "कोण पकडतं" असं विचारणं फार सोपं आहे हो.

टेक्सासमध्ये झाकून बाळगण्याचे परवाने 1996 पासून मिळू लागले. 2013 मध्ये 'झाकण्यात कसूर' ही भाषा काढून मुद्दाम दाखवणं तेवढं गुन्हा ठरवलं. बरं झालं, पण 'मुद्दाम' उरलंच. 2016 पासून परवानाधारकाचं पिस्तूल कमरेच्या किंवा खांद्याच्या होल्स्टरमध्ये असेल, तर ते दिसणं हा गुन्हाच उरला नाही. त्यामुळे प्रश्नही उरला नाही. आता कुर्ता वाऱ्याने उडो की वाकताना सरको, नुसत्या दिसण्यावरून माझ्यावर खटला होत नाही. उघड बाळगणारे थोडेच असतील, पण त्यांच्यासाठी केलेल्या कायद्याच्या सावलीत आम्ही झाकून बाळगणारे उभे आहोत.

फ्लोरिडात उलट होतं, उघड बाळगायला बंदीच होती. तिथेही 2011 मध्ये क्षणभर दिसलं तर चालेल अशी सवलत दिली होती. तरी 2012 मध्ये फोर्ट पियर्स इथे नॉर्मन नावाच्या परवानाधारकाला कमरेचं पिस्तूल दिसलं म्हणून अटक झाली. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2017 मध्ये बंदी कायम राहिली. क्षणभर म्हणजे किती सेकंद, हे कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाने घड्याळ लावून मोजायचं का? सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे हा घोळ मिटला.

बाकी तुमचं "मुलं घाबरतात", "गुंड आधी उघड्या पिस्तूलवाल्यालाच गोळी घालतो", "रायफली घेऊन हॉटेलात जाणारे ते लोक" वगैरे. रायफलींचा माझ्या लेखाशी संबंध नव्हता, तो हँडगनबद्दल होता. ज्या दुकानदाराला पिस्तूल नजरेस पडायला नको, त्याच्यासाठी टेक्सासच्या दंडसंहितेतल्या 30.07 कलमाची पाटी आहे, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंचीच्या अक्षरांत. झाकलेलंही नको असेल तर 30.06 ची वेगळी. आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या दारावर फक्त 30.07 आहे, मी कुर्ता नीट करून आत जाते. यापलीकडे त्या मुद्द्यांवर मी वेळ घालवणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, "मुलाला हेच संस्कार देता का?" तो आता मोठा झालाय. त्या दुपारची आठवण निघाली की आजही विषय बदलतो. त्याच्याबद्दल पुन्हा इथे लिहू नका.

प्रतिक्रिया काढलेली नाही, आहे तशीच ठेवली आहे. तारखेची दुरुस्ती मूळ लेखात आज रात्री करते.