चारशे मीटरचा नियम आणि खिशातले दुकान

इंग्लंडच्या ईशान्येला, टाइन नदीच्या दक्षिण काठावरच्या गेट्सहेड गावात मी गेली नऊ वर्षे एका फार्मसीत काम करतो. आमच्या काउंटरवरून मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या सतत जात असतात, आणि त्या नेणाऱ्यांत पन्नाशी न गाठलेली माणसे किती आहेत, हे पाहून आजही मन खट्टू होते.

या गावाच्या कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, २०१५ मध्ये एक धाडसी नियम केला. माध्यमिक शाळेपासून चारशे मीटरच्या आत नव्या टेकअवेला, म्हणजे गरम खाणे बांधून देणाऱ्या दुकानाला, परवानगी नाही. शिवाय ज्या वॉर्डात प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातील मुलांमध्ये स्थूलतेचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त आहे, तिथेही नाही. दहा टक्क्यांची ही रेषा इथे जवळपास सगळीकडेच ओलांडली गेलेली असल्यामुळे नियम व्यवहारात सरसकट बंदीसारखा लागू झाला, आणि पुढच्या काही वर्षांत अशा दुकानांची दाटी खरोखरच कमी झाली. मी या नियमाच्या बाजूचा आहे. पण तो दुकानाच्या दारापासून अंतर मोजतो, आणि आता ते दार फोनमध्ये उघडते.

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की इंग्लंडच्या सर्वांत वंचित भागांतील पत्त्यांवरून एका मोठ्या डिलिव्हरी ॲपवर जेवढी दुकाने उपलब्ध होतात, तेवढी संपन्न भागांतील पत्त्यांवरून होत नाहीत. कारण समजायला अवघड नाही. टेकअवे मुळातच स्वस्त भाड्याच्या रस्त्यांवर एकमेकांना खेटून उभी असतात. ॲप तुमच्या घराभोवती काही मैलांचे वर्तुळ काढते आणि त्या वर्तुळातली सगळी दुकाने एका पडद्यावर आणून ठेवते. पूर्वी कोपऱ्यावर चिप्सची दोन दुकाने असत आणि पावसात तिथवर जायचा कंटाळा यायचा. तेवढाच काय तो अडसर होता, तोही गेला.

इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणते, ‘वरण-भाताचा कुकर लावायला असा कितीसा वेळ लागतो? आळशीपणा, दुसरे काय!’ हे वाक्य मला मनापासून खटकते. आपल्या घरी गॅसचे बिल महिन्याच्या शेवटी खात्यातून परस्पर वळते होते, त्यामुळे ओव्हन तासभर चालू ठेवताना आपण मीटरकडे पाहत नाही. ज्यांच्याकडे प्रीपेमेंट मीटर आहे, त्यांना आधी पैसे भरावे लागतात, आणि ते संपले की चूल विझते. फूड फाउंडेशन या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार, सरकारने सुचवलेला सकस आहार घ्यायचा तर ब्रिटनमधील सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातील कुटुंबांना खर्चायोग्य उत्पन्नातला जवळजवळ निम्मा पैसा त्यावर घालावा लागेल. त्यात कार्यालयांची सफाई करणारी बाई रात्री दहाला घरी पोचते, तेव्हा तिला आळशी म्हणायला जीभ रेटत नाही.

आमच्याकडे औषधाला येणाऱ्या अशाच एक बाई परवा काउंटरपाशी थांबल्या होत्या. मी गोळ्या मोजत असताना त्यांचा फोन वाजला: आज रात्री दुसरा पिझ्झा निम्म्या किमतीत. त्या हसून म्हणाल्या, “यांना माझा पगाराचा दिवस पाठ आहे.” हा योगायोगही असेल, पण मला तो विनोद वाटला नाही.

घरपोच अन्नाशी माझे वैर नाही. मुंबईचे डबेवाले १८९० पासून तेच करत आहेत, फक्त त्यांच्या डब्यात घरची पोळी-भाजी असते. इथल्या पिशवीत बहुतेक वेळा पार्मो असतो, म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेली कोंबडी, तिच्यावर पांढरा सॉस आणि चीजचा थर, सोबत चिप्सचा ढीग. एकट्या माणसाची भूक अर्ध्यात भागते, पण किमान ऑर्डरची रक्कम भरावी म्हणून तो आणखी काहीतरी टाकतो, आणि आलेले वाया कोण घालवणार!

इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून मेनूवर कॅलरी छापणे बंधनकारक झाले, पण २५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांनाच. म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान सुटले. आणि २०२२-२३ च्या सरकारी मोजणीत, प्राथमिकच्या शेवटच्या वर्गातील स्थूल मुलांचे प्रमाण सर्वांत वंचित भागांत ३०.२ टक्के होते, तर सर्वांत संपन्न भागांत १३.१ टक्के.

माझे म्हणणे असे, की ॲप हासुद्धा एक बाजाररस्ताच आहे, आणि रस्त्यावर कौन्सिलची जशी नजर असते तशी इथेही हवी. शाळा सुटण्याच्या वेळी शाळेच्या दारात पिशवी पोचवायला मनाई करता येईल. प्रत्येक पदार्थाचा लहान आकार पडद्यावर आधी दाखवायला लावता येईल. किमान रकमेची अट ढिली करता येईल. ग्राहकांना दारच नसलेल्या, फक्त डिलिव्हरीसाठी चालणाऱ्या डार्क किचनना टेकअवेच मानून तोच परवाना मागता येईल. यामुळे कुणाच्या गॅसच्या मीटरमध्ये पैसे पडणार नाहीत, याची मला जाणीव आहे. ते काम कौन्सिलचे नव्हे, वेतन आणि भत्ते ठरवणाऱ्या लंडनचे आहे, आणि त्याबद्दल माझ्या अपेक्षा फारशा उरलेल्या नाहीत. पण चारशे मीटरचा नियम करताना गेट्सहेडनेही लंडनची वाट पाहिली नव्हती.