समुद्राचा तळ म्हणजे वावर नव्हे
‘झिंग्यांच्या ट्रॉलरमुळे समुद्राचा तळ नांगरला जातो, म्हणून तो वावरासारखा सुपीक होतो’ असा मेसेज नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. ट्रॉलर म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणारी बोट; ते जाळं तळ खरवडतं, इथवर खरं. पुढचं चूक. नांगरटीनंतर वावरात आपण पेरतो. तिथे कोण पेरणार? चिखलात नळी करून राहणारे किडे, शिंपले, पिसासारखे उभे समुद्री जीव, सगळ्यांची घरंच उखडली जातात. झटपट वाढणारे बारीक किडे लवकर परततात, म्हणून तळ भरल्यासारखा भासतो. संथ वाढणाऱ्यांना मात्र वर्षं लागतात; पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी त्यांना पुरत नाही. आणि हो, बाजारातले ‘वनामी’ झिंगे तळ्यात वाढवलेले असतात, या जाळ्यातले नव्हेत.