पीएसपीवरचा ‘ग्रॅन टुरिस्मो’ : सारथ्य अव्वल, बाकी हात आखडता

जुने हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायची गेमयंत्रे, हौसेने बाळगणाऱ्या पुण्यातल्या आमच्या मंडळींत सोनीच्या पीएसपीवरच्या (प्लेस्टेशन पोर्टेबल) ‘ग्रॅन टुरिस्मो’ या मोटारशर्यतीच्या गेमचा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. माझे मत असे, की या गेममधले जे दोष यंत्राच्या मर्यादेतून आले आहेत ते सहज माफ करता येतात. जे तो घडवणाऱ्यांच्या निर्णयांतून आले आहेत, ते मात्र आजही खुपतात.

२००४ साली जाहीर झालेला हा गेम हाती पडायला २००९ चा ऑक्टोबर उजाडला. पण ४.३ इंची पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम्सचा (चित्रांचा) वेग, ८०० हून अधिक गाड्या आणि जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा सुमारे २१ किलोमीटरचा तो प्रसिद्ध डोंगराळ ट्रॅक, एवढे सगळे खिशात मावणाऱ्या यंत्रात बसवणे ही साधी गोष्ट नव्हती. शिवाय गाड्यांचा स्वभावही शाबूत आहे. पुढची चाके ओढणारी छोटी गाडी वेगात वळणात शिरली की नाक बाहेर काढते, तर मागच्या चाकांवर जोर असलेली दणकट गाडी वळण संपण्याआधी ॲक्सिलरेटर दिला की शेपूट फिरवते, आणि हा फरक पहिल्या दोनचार वळणांतच अंगठ्याला कळतो.

अंगठ्याला म्हणतो, कारण पीएसपीवरची अडचणही तिथेच आहे. टीव्हीला जोडायच्या पीएस२च्या (प्लेस्टेशन २) कंट्रोलरला बटण किती जोराने दाबले आहे ते समजत असे. पीएसपीचे बटण एकतर दाबलेले असते, नाहीतर सुटलेले. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटरचे एक्स बटण दाबून न धरता त्यावर हलक्या टिचक्या मारत राहावे लागते, आणि डावीकडची चपटी घुंडी जेमतेम काही मिलिमीटर सरकत असल्याने स्टिअरिंगही तोलूनमापून द्यावे लागते. सवयीने हे जमते. हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मात्र एखादा खड्डा सगळ्या कौशल्यावर पाणी फिरवतो. (थांबा आला की भर फेरीतसुद्धा पीएसपी झोपवता येतो, ही सोय या लांबलचक ट्रॅकसाठी वरदानच आहे.) शर्यतीत आपल्यासह फक्त चार गाड्या असतात, हेही मी बहुधा यंत्राच्याच खात्यात टाकीन.

करिअर मोड, म्हणजे शर्यतींच्या मालिका जिंकत पुढे जाण्याचा मुख्य खेळ, नसणे मात्र कोणत्या खात्यात टाकायचे? सुटी शर्यत, टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाशी शर्यत), ड्रिफ्ट (गाडी घसरवत वळणे घेणे) आणि शंभरेक आव्हाने, एवढाच कारभार. ही आव्हाने उत्तम आहेत. ब्रेक कुठे मारावा हे ती नेमके शिकवतात. पण शर्यती जिंकून डी ते एस अशा श्रेण्या चढत जायचे, पैसे साठवायचे आणि गाडी घ्यायची, याच्या पुढे मालिका नाही, अजिंक्यपद नाही. त्यात गाड्यांच्या शोरूमचा प्रकार तर फारच त्रासदायक. एका वेळी चारच कंपन्यांची दारे उघडी, आणि गेममधले दोन दिवस सरले की त्या बदलतात. हवी ती कंपनी येईपर्यंत केवळ दिवस ढकलण्यासाठी शर्यती लावायच्या! दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याबद्दल आपल्या शहराला नावे ठेवली जातात, पण निदान चार वाजता ते नक्की उघडते, याची खात्री तरी असते.

इंटरनेटवरून खेळण्याची सोय दिलीच नाही, हा तिसरा आखडता हात. जवळ बसलेल्या चार जणांनी ॲड-हॉक (यंत्रायंत्रांतल्या थेट बिनतारी) जोडणीवर खेळायचे आणि हवे तर गाड्या एकमेकांना द्यायच्या, ही कल्पना गोड आहे, पण त्यासाठी चार पीएसपी, गेमच्या चार प्रती आणि आता तर फुगलेल्या नसलेल्या चार बॅटऱ्या एका खोलीत जमवाव्या लागतात. ज्यांच्याकडे संच चालू स्थितीत आहे त्यांनी खाली कळवावे. कोथरूडमध्ये जागा आणि चहा माझ्याकडे.