घरट्यापासून किती लांब?

काल कट्ट्यावर एकच मोबाइल हातोहात फिरत होता. आमच्यातल्या फोटोवाल्याने गरुडाचं घरटं टिपलं होतं आणि स्वारी भलतीच खुशीत होती. वकील मैत्रिणीने फोटो बघितला आणि म्हणाली, "ही शिकार झाली."

"शिकार? अगं, मी झाडाला हातसुद्धा लावला नाही!"

"१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून वाच. शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या घरट्याला, अंड्यांना उपद्रव देणं येतं. त्याला बंदूक लागत नाही."

तो चिडला. "मग किती लांब राहायचं, तो आकडा सांगा ना! अमेरिकेत बाल्ड ईगल या गरुडाचं घरटं नजरेसमोर असेल तर विणीच्या काळात पायी जाणाऱ्याला ३३० फूट सांगतात. तसं काहीतरी."

"त्या सूचना आहेत रे. तेवढ्या अंतरावरूनही पक्षी विचलित झाला तर? ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्यात यादीतल्या पक्ष्याला 'घरट्याजवळ' त्रास देऊ नये, एवढंच आहे, आकडा नाही. सोनेरी गरुड, मासे मारणारा ऑस्प्रे, बहिरी ससाणा असे पक्षी त्या यादीत आहेत. आणि २००० साली इंग्लंड-वेल्समध्ये त्या कायद्यात 'मुद्दाम' त्रास देण्याच्या जोडीला 'बेफिकिरीने' देणंही आलं. माझ्या मनात तसं नव्हतं, हे सांगून भागत नाही."

मला तिचं पटत होतं, पण त्याचा एक प्रश्न रास्त होता: पक्ष्याला त्रास झाला हे साध्या माणसाला कळणार कसं? म्हणून मी तोच फोटो मोठा केला. मादी घरट्यावर नव्हतीच. वर कोपऱ्यात घिरट्या घालत होती, चोच उघडी. खाली पिल्लू काटक्यांना चिकटून सपाट पडलेलं. ऊन थेट त्याच्या अंगावर. एरवी अशा उन्हात आई पंख पसरून सावली धरते. तिथे अंडी असती तर तीही अशीच उघडी पडली असती, कावळ्यांना आयती. आणि पिल्लू मोठं असतं तर दचकून वेळेआधीच घरट्याबाहेर उडी टाकतं.

"ती ओरडत होती," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, नेहमीच ओरडत असेल."

बराच वेळ तो फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या जाऊन बघून येऊ का, ती परत बसलीय का ते?"

"नको!" आम्ही दोघंही एकदमच ओरडलो.